पेशीतलं पाणी आणि पी५३चं घराणं

कॅन्सरला आवर घालणाऱ्या प्रथिनांत पी५३ सर्वांत गाजलेले. माणसाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये त्याचे जनुक बिघडलेले आढळते. पी६३ आणि पी७३ ही त्याची दोन भावंडे त्या मानाने कमी परिचयाची. तिघांचेही मुख्य काम एकच. पेशीच्या केंद्रकात डीएनएवर ठराविक जागी बसायचे आणि शेजारचे जनुक चालू किंवा बंद करायचे. या तिघांच्या ताब्यातल्या जनुकांत काही जनुके अशी निघाली, की ती पेशीत पाणी ने-आण करणाऱ्या वाटा बनवतात. गाठ रोखणाऱ्या प्रथिनाने पाण्यात का लक्ष घालावे? आणि या प्रश्नामागे लागून पेशंटच्या पदरात काय पडणार?

हडपसरमध्ये या प्रश्नांवर वाद घालायला सबळ कारण आहे. १९६६ साली स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट इथलीच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची ‘सर्व्हाव्हॅक’ ही पहिली भारतीय बनावटीची लस तिने २०२३च्या जानेवारीत बाजारात आणली. ही लस ज्या विषाणूला (एचपीव्ही) अडवते, तो विषाणू पेशीत शिरला की पी५३वर घाव घालतो.

पुढच्या संवादात दोन बाजू आहेत. ‘डॉक्टर’ या हडपसरला दवाखाना चालवणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ. ‘सर’ इथल्याच एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवतात. दोघांना नावे दिलेली नाहीत, कारण अशी मते असणारी माणसे पुण्यात पुष्कळ आहेत. सरांच्या एका विद्यार्थिनीने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ‘पी५३ घराणे आणि ॲक्वापोरिन’ (पेशीतली पाण्याची वाट बनवणारे प्रथिन) हा विषय घेतला आणि तिथून बोलणे सुरू झाले.

डॉक्टर : सर, स्पष्ट बोलते, राग मानू नका. माझ्याकडे मांजरी, फुरसुंगी, उरुळीपासून बायका येतात. ‘अंगावरून जातंय’ म्हणतात, तेही सहा-सहा महिने सोसून झाल्यावर. तपासावं तर पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघतो आणि तोही पुढच्या टप्प्यातला. देशात दरवर्षी या एका कॅन्सरचे सव्वा लाखांहून जास्त नवे पेशंट आणि ऐंशी हजारांच्या आसपास मृत्यू. पुष्कळसे टाळता येण्यासारखे. इतकी हुशार मुलगी लसीकरणावर काम करायचं सोडून पेशीतल्या पाण्यावर करणार?

सर : लसीकरणाचं काम व्हायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण तिला हा प्रश्न सुचला तो तुमच्या पेशंटवरूनच. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण सत्तर टक्के एचपीव्ही १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. या विषाणूचं ई६ नावाचं प्रथिन पेशीतल्याच एका प्रथिनाला हाताशी धरतं आणि पी५३ची विल्हेवाट लावतं. हे १९९०मध्ये उघड झालं. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या हीला पेशी घ्या. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या होत्या. त्यांत एचपीव्ही १८ आहे. पी५३चं जनुक शाबूत आहे, पण प्रथिन तयार झालं रे झालं की नष्ट होतं. म्हणजे बिघाड जनुकात नाही, बाहेरून आलेल्याने केलेला आहे.

डॉक्टर : मान्य. पण लस ई६वर चालत नाही. ती विषाणूच्या एल१ या कवचाच्या प्रथिनापासून बनते. आत विषाणूचा डीएनए नसलेली पोकळ कवचं शरीराला दाखवायची, प्रतिपिंडं तयार होतात आणि खरा विषाणू आला की त्याला पेशीबाहेरच अडवतात. पी५३चं नाव न ऐकलेल्या माणसालाही ही लस करता आली असती.

सर : लस करता आली असती. पण ती कशावर करायची हे आधी ठरावं लागतं. हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाला १९८३मध्ये एचपीव्ही १६ आणि पुढच्याच वर्षी १८ सापडला. विषाणू गाठीत सापडला म्हणून त्यानेच गाठ केली, असं होत नाही. साथरोगशास्त्राने आकडे दिले. तो नेमकं काय बिघडवतो, हे ई६ आणि ई७ने दाखवलं. ई६ पी५३ला संपवतं, ई७ आरबी या दुसऱ्या रोधकाला निकामी करतं. दोन्ही पुरावे जुळले म्हणून शंका मिटली. १९९५मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १६ आणि १८ना माणसातले कॅन्सरकारक ठरवलं. आकडा नसता तर यंत्रणा ही नुसती कल्पना राहिली असती. यंत्रणा नसती तर आकड्यावर वाद चालूच राहिला असता.

डॉक्टर : ठीक. ई६ने पी५३ला संपवलं. मग पाणी मध्येच कुठून आलं?

सर : पी५३ गेलं तरी पी७३ राहतं, तिथून. पी७३चा शोध १९९७चा. पी५३शी त्याचं रूप इतकं मिळतं की तशाच जागी ते डीएनएवर बसतं. पण ई६ त्याला पी५३सारखं नष्ट करू शकत नाही. त्याचं काम थोडंफार दडपतं, असं दाखवणारे प्रयोग आहेत, पण ते पेशीतून नाहीसं होत नाही. तुमच्या पेशंटच्या गाठीत थोरला भाऊ मेलेला आणि धाकटा जिवंत अशी स्थिती असते. तर हा धाकटा कोणती जनुकं चालवतो, हे बघायला नको? २००१मध्ये ‘फेब्स लेटर्स’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध आला. पी७३ वाढवलं की पेशीत ॲक्वापोरिन-३ वाढतं, असं त्यात दाखवलं होतं. हे पाणी आणि ग्लिसरॉल आत-बाहेर नेणारं प्रथिन.

डॉक्टर : ॲक्वापोरिन आम्ही किडनीच्या धड्यात शिकलो. पाण्यासाठी वेगळी वाट लागते, हे कळायलाच किती वर्षं गेली.

सर : हो. पाणी पेशीपटलातून आपोआप झिरपतं, असंच पुष्कळांना वाटे. पीटर ॲग्री यांना रक्तातल्या लाल पेशींत एक अनोळखी प्रथिन सापडलं होतं. १९९२मध्ये त्यांच्या गटाने बेडकाची अंडी घेतली. काहींमध्ये या प्रथिनाचा संदेश टोचला, काही तशीच ठेवली आणि सगळी कमी क्षाराच्या पाण्यात सोडली. साधी अंडी जवळपास होती तशी राहिली. टोचलेली अंडी बघता बघता फुगली आणि काही मिनिटांत फुटली. पाण्याची वाट सापडली. २००३च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ॲग्रींचा वाटा होता तो यासाठी. अशी एक वाट सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू सोडते. माणसात अशी तेरा प्रथिनं आहेत. त्यांतली काही, म्हणजे तिसरं, सातवं, नववं आणि दहावं, पाण्याबरोबर ग्लिसरॉलही नेतात.

डॉक्टर : किडनीचंच बोलू. तिथे किती पाणी रक्तात परत घ्यायचं हे व्हॅसोप्रेसिन ठरवतं. मेंदूतून हार्मोन आलं की पेशीच्या आत साठवलेलं ॲक्वापोरिन-२ पृष्ठभागावर येतं, हार्मोन ओसरलं की परत आत जातं. सगळा खेळ मिनिटांचा. जनुक चालू होऊन प्रथिन बनेपर्यंत कितीतरी वेळ जातो. मग पाण्यावर ताबा पी५३चा कसा म्हणायचा?

सर : आपल्या हडपसरमधून खडकवासल्याचा उजवा कालवा जातो. रोज दार किती उचलायचं हे पाटकरी ठरवतो. पण दार कोणत्या चारीवर बसवायचं आणि किती दारं बसवायची, हे कालवा बांधतानाच ठरलेलं असतं. व्हॅसोप्रेसिन पाटकऱ्याचं काम करतं. पी५३ घराण्याचं काम बांधणीच्या वेळचं आहे. टुलेन विद्यापीठाच्या गटाने २००२मध्ये वाढत्या किडनीवर काम केलं. पेशी विभागणं थांबवून पक्क्या होऊ लागतात, तेव्हा पी५३ त्यांतल्या कामाच्या जनुकांपाशी बसलेलं दिसलं. त्या जनुकांत ॲक्वापोरिन-२चं जनुक होतं, सोडियम-पोटॅशियम पंपाचंही होतं. २००५मध्ये त्याच गटाने पी७३बद्दल दाखवलं, की कोवळ्या, विभागणाऱ्या पेशींत त्याचं आखूड रूप असतं आणि पक्क्या झालेल्या पेशींत पूर्ण रूप येतं. आखूड रूपाला जनुक चालू करणारा पुढचा भाग नसतो. पेशीने वाढ थांबवून आपलं काम सुरू करावं, हे या घराण्याचं मूळ काम दिसतं. गाठ रोखणं हा त्याचाच भाग. वाढ थांबवायची असेल तर नुसता ब्रेक पुरत नाही. पेशीला पुढचं काम द्यावं लागतं आणि किडनीच्या पेशीचं काम पाणी राखणं हेच आहे.

डॉक्टर : मांडणी चांगली आहे. पण ‘दिसतं’ आणि ‘आहे’ यांत फरक असतो. पी५३च्या लक्ष्यजनुकांची यादी मी वाचली आहे. २०१७मध्ये एका संशोधकाने आधीच्या अभ्यासांची छाननी केली. पी५३ थेट चालवतं असा दावा झालेली जनुकं निघाली ३,६६१. त्यांपैकी एकेका जनुकावर स्वतंत्र काम झालेली फक्त ३४६. ही एकेकट्या कामांतली यादी १३ मोठ्या अभ्यासांच्या याद्यांशी ताडली तर मेळ थोडाच. जी जनुकं एखाद्-दोन अभ्यासांतच दिसतात ती चुकीने यादीत आली असण्याची शक्यता जास्त, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. पेशीत पी७३ बाहेरून कोंबलं आणि एक जनुक वाढलं, एवढ्यावरून शरीरात तसंच घडतं असं मी मानणार नाही.

सर : मानूही नये. म्हणूनच पुराव्याच्या पायऱ्या असतात. विद्यार्थिनीला मी पहिल्यांदा शिकवतो ती ही. पी५३ घराणं बसतं त्या जागेची अक्षरं ठरलेली आहेत. दहा अक्षरांचा एक अर्धा भाग, मध्ये शून्य ते तेरा अक्षरांचं अंतर, मग तसाच दुसरा अर्धा भाग. प्रत्येक अर्ध्या भागात चौथं अक्षर सी, सातवं जी. हा तुकडा कापून काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या जनुकापुढे जोडायचा आणि पेशीत सोडायचा. पी७३ दिलं की नळीतला उजेड वाढतो, तो यंत्रावर मोजता येतो. मग चौथ्या जागचा सी आणि सातव्या जागचा जी बदलायचा. उजेड घटला तर जागा खरी. नाही घटला तर आपण चुकीच्या जागी बघत होतो.

डॉक्टर : ती झाली पहिली पायरी. तुकडा कापून दाखवलात.

सर : बरोबर. दुसरी पायरी म्हणजे जिवंत पेशीत प्रथिन खरोखर तिथे बसलंय का, हे प्रतिपिंडाने ओढून बघणं. आणि तिसरी म्हणजे प्राण्यात ते प्रथिन काढून टाकलं की जनुक मंदावतं का. तिन्ही पायऱ्या चढलेली जनुकं थोडी आहेत.

डॉक्टर : तिसऱ्या पायरीवरच फसगत होते. पी६३ नसलेली उंदराची पिल्लं १९९९मध्ये दोन गटांनी तयार केली. जन्मल्यावर थोड्याच वेळात शरीरातलं पाणी उडून गेल्याने मेली. एखादा म्हणेल, बघा, पाण्याच्या जनुकांचा संबंध! पण त्या पिल्लांना थरांची त्वचाच बनली नव्हती, पाणी टिकणार कुठून? पी७३ नसलेल्या उंदरांच्या मेंदूत पाणी साचतं. तिथेही ॲक्वापोरिनचं नाव घ्यायचा मोह होतो. पण पुढच्या कामांतून दिसलं, की पोकळीच्या अस्तरातल्या पेशींवरची द्रव हलवणारी बारीक रोमकं पी७३शिवाय नीट बनत नाहीत. नजरेला पाणी दिसलं म्हणून कारण पाण्याच्या वाटेत शोधायचं नसतं.

सर : हा आक्षेप मी तिच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहायला लावणार आहे.

डॉक्टर : मग आणखी एक लिहा. हे ॲक्वापोरिन-३ पेशंटच्या बाजूचं की गाठीच्या बाजूचं? ते नसलेल्या उंदरांची त्वचा कोरडी पडते, जखम उशिरा भरते, हे ठाऊक आहे. पण २००८मध्ये त्याच उंदरांच्या त्वचेवर कॅन्सर घडवणारी रसायनं लावली, तर त्यांना गाठी झाल्याच नाहीत. साध्या उंदरांना झाल्या. म्हणजे गाठीला ॲक्वापोरिन-३ हवं असतं. आणि तुम्ही म्हणता, गाठ रोखणारं पी७३च ते वाढवतं. घराण्याने शत्रूला मदत केली म्हणायची का?

सर : प्रश्न नेमका आहे. त्या प्रयोगात निर्णायक ठरलं ते पाणी नसून ग्लिसरॉल. ॲक्वापोरिन-३मधून आत आलेलं ग्लिसरॉल पेशीला इंधन म्हणून लागतं. वेगाने विभागणाऱ्या पेशीला ते नाही मिळालं तर गाठ उभी राहत नाही. पण निरोगी त्वचेत हेच ग्लिसरॉल ओलावा धरून ठेवतं. त्या उंदरांना ग्लिसरॉल दिलं तेव्हा त्वचा सुधारली. दुसरीकडे मूत्राशयाचा कॅन्सर बघा. स्नायूपर्यंत पोचलेल्या गाठीत ज्यांचं ॲक्वापोरिन-३ नाहीसं झालं होतं, त्या पेशंटचं पुढे जास्त वाईट झालं, असं २०१५च्या अभ्यासात दिसलं. तिथे ते पेशी पक्की असल्याची खूण होतं आणि खूण पुसली गेली म्हणजे पेशी भरकटली. जनुक एकच, पण त्वचेत त्याचा अर्थ वेगळा आणि मूत्राशयात वेगळा. जनुकाला मित्र किंवा शत्रू हे लेबल लावणंच चूक आहे.

डॉक्टर : हे सोयीचं उत्तर झालं. काहीही निघालं तरी ‘ऊतक वेगळं’ म्हणून सुटता येतं.

सर : सुटता येऊ नये म्हणून कोणत्या ऊतकात, कोणत्या वेळी, किती इजा झाल्यावर, हे आधी लिहून मग प्रयोग करावा लागतो. याचं उदाहरण पुण्यातलंच आहे. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. समित चट्टोपाध्याय यांच्या गटाने स्मार१ या प्रथिनावर दीर्घकाळ काम केलं. ते पी५३ला जाऊन मिळतं आणि त्याला टिकवतं, हे २००३ आणि २००५च्या निबंधांत आलं. २०१०मध्ये त्यांनी आणखी पुढचं दाखवलं. डीएनएला हलकी इजा झाली तर स्मार१ बॅक्स आणि प्यूमा ही पेशीला मारणारी जनुकं दाबून ठेवतं. पेशीला दुरुस्तीला वेळ मिळतो. इजा मोठी असेल तर स्मार१ केंद्रकात बाजूला अडकवलं जातं, दाब सुटतो आणि पेशी मरते. पी५३ दोन्ही वेळा तेच. निर्णय मात्र उलटे. आणि ‘काहीही निघालं तरी चालेल’ असं त्यात नाही, कारण हलकी इजा आणि मोठी इजा वेगळ्या ठेवून दोन्हींचं उत्तर तपासलं होतं.

डॉक्टर : मारणाऱ्या जनुकांचं मला पटतं. कॅन्सर रोखायचा म्हणजे बिघडलेली पेशी थांबवायची नाहीतर मारायची. पाणी आणि ग्लिसरॉल दुय्यम.

सर : सगळ्यांना तसंच वाटत होतं. २०१३मध्ये मेलबर्नच्या गटाने पी२१, प्यूमा आणि नॉक्सा ही तिन्ही जनुकं नसलेले उंदीर तयार केले. थांबवणारं एक, मारणारी दोन, पी५३ची सर्वांत नावाजलेली हत्यारं. पी५३ नसलेल्या उंदरांना लहान वयातच गाठी होतात. या उंदरांना तशा झाल्या नाहीत. म्हणजे पी५३ गाठ रोखतं ते एवढ्याच जोरावर नाही. उरलेलं काम दुसरी जनुकं करतात. त्यांत इंधन, दुरुस्ती, पेशीचा पक्केपणा यांची जनुकं आली आणि पाण्याच्या वाटाही असू शकतात. ज्यांना आपण दुय्यम म्हणत होतो, त्यांच्याकडे आता गंभीरपणे बघावं लागतंय. स्वतः पी५३चाच इतिहास बघा. १९७९मध्ये सापडलं तेव्हा ते कॅन्सर वाढवणारं आहे असा समज झाला, कारण प्रयोगात वापरलेली रूपं बिघडलेली होती. ते उलट रोधक आहे हे कळायला १९८९ उजाडलं. दहा वर्षं त्याला चुकीच्या बाजूला बसवलं होतं.

डॉक्टर : माझ्या बाजूचंही ऐका. जुन्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९पासून एक मोठी चाचणी झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि टाटा स्मारक त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ५२ गावगटांत विभागलेल्या. एका गटाची एचपीव्ही तपासणी आयुष्यात एकदाच केली, एका गटाला नेहमीचीच सेवा. निकाल २००९मध्ये आला. एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, नेहमीच्या गटात ६४. एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर. त्या बायकांना पी७३ माहीत असण्याची गरज पडली नाही.

सर : बायकांना नाही पडली. पण त्यांची जी तपासणी झाली ती विषाणूच्या डीएनएची होती. कोणता विषाणू, त्याचे कोणते प्रकार, हे रेणूंच्या पातळीवर शोधणाऱ्यांमुळेच ती तपासणी हातात आली. ते ज्ञान मराठवाड्याच्या खेड्यापर्यंत पोचलं हे त्या चाचणीचं मोठेपण.

डॉक्टर : हे खरं आहे. पण ते पोचायला मधे कितीजण उभे होते! आरोग्य कार्यकर्ती, नर्स, गाडीचा ड्रायव्हर. तुमचे शोधनिबंध त्यांना विसरतात.

सर : विसरतात, आणि ते चूक आहे. आता मला तुमच्या कामातलं एक विचारू द्या. पुढच्या टप्प्यातल्या पेशंटला तुम्ही कुठे पाठवता?

डॉक्टर : रेडिएशनला. पेशंट त्याला ‘शेक’ म्हणतात. सोबत आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध. १९९९पासून जगभर हीच पद्धत रूढ आहे, कारण दोन्ही मिळून दिलं तर जास्त बायका वाचतात.

सर : सिस्प्लॅटिन डीएनएला इजा करतं. इतर कॅन्सरमध्ये त्यावर पी५३ जागं होतं. इथे ई६ने पी५३ ठेवलेलंच नसतं. पण १९९९मध्येच ‘नेचर’मध्ये आलेल्या कामांनी दाखवलं, की सिस्प्लॅटिनने पी७३ही जागं होतं आणि पेशी मारायला हातभार लावतं. म्हणजे तुमच्या पेशंटच्या गाठीत औषधाला उत्तर देणारा हा धाकटा भाऊ असू शकतो. मग तो जागा झाल्यावर कोणती जनुकं चालवतो, ॲक्वापोरिन-३ त्यांत आहे का, त्याने गाठीला इंधन मिळतं का, हे विचारणं पेशंटपासून लांबचं राहतं का?

डॉक्टर : आणि सिस्प्लॅटिनचा सर्वांत मोठा त्रास किडनीलाच. आधी सलाईन चढवतात, लघवी किती होते ते मोजतात, क्रिएटिनिन बघूनच पुढची मात्रा. काहींना खूप लघवी होऊ लागते.

सर : सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या किडनीत ॲक्वापोरिन घटलेली आढळली आहेत. २०००चं काम आहे.

डॉक्टर : थांबा. इथे मी तुम्हाला अडवते. ई६ पी५३ला संपवतं, हे सिद्ध. सिस्प्लॅटिन पी७३ला जागं करतं, सिद्ध. पी७३ प्रयोगात ॲक्वापोरिन-३ वाढवतं, सिद्ध. सिस्प्लॅटिनने किडनीत ॲक्वापोरिन घटतं, तेही. पण या चार गोष्टी एका ओळीत ठेवल्या म्हणून ओळ सिद्ध होत नाही. प्रत्येक प्रयोग वेगळ्या पेशीत, वेगळ्या प्राण्यात झालाय. आणि बघा, गाठीत वाढ आणि किडनीत घट, दिशाही उलट. उद्या कुणी या ओळीवरून पेशंटला ॲक्वापोरिन रोखणारी गोळी विकायला लागेल. मी ते होऊ देणार नाही.

सर : मीही नाही. म्हणून प्रकल्पाचा प्रश्न मी लहान करतो. एचपीव्ही १८ असलेल्या हीला पेशींत सिस्प्लॅटिन दिल्यावर पी७३ ॲक्वापोरिन-३च्या जनुकापाशी बसतं का? पी७३ दाबलं तर ॲक्वापोरिन-३ बदलतं का? एवढंच. उत्तर ‘नाही’ आलं तरी छापण्याजोगं.

डॉक्टर : या प्रश्नाला माझी हरकत नाही. पण एक अट. तिने महिन्यातून एकदा माझ्या दवाखान्यात बसायचं. तपासणीला आलेल्या बायकांशी बोलायचं, लसीची माहिती द्यायची. जी पेशी ती काचेखाली बघणार आहे, ती कुणाच्या शरीरातून येते हे तिला कळलं पाहिजे.

सर : अट मान्य. माझीही एक. तुमच्याकडे बायोप्सी होते, तेव्हा परवानगी घेऊन आणि नैतिकता समितीच्या मंजुरीने नमुने नीट जपून ठेवले जावेत. आज जो प्रश्न आम्हाला विचारताच येत नाही, तो पुढे कुणीतरी त्याच नमुन्यांवर विचारेल.

वाद इथे थांबला. दोघांच्या म्हणण्यातून जे हाती लागते ते असे. पी५३, पी६३ आणि पी७३ यांचे काम पेशी मारण्यापुरते नाही. पेशीला वाढीतून बाहेर काढून तिच्या कामाला लावणे, हाही त्यांच्या कामाचा भाग आहे. पाणी आणि ग्लिसरॉल यांच्या वाटा उभ्या करणारी जनुके त्यामुळेच त्यांच्या हाताखाली येत असावीत. किडनीच्या बाबतीत याचा काही पुरावा आहे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबतीत हा अजून तपासायचा प्रश्न आहे. जनुक कुणाच्या हुकमाने चालते हे कळले, तरी ते त्या ऊतकात भले करते की वाईट, हे वेगळे तपासावेच लागते. डॉक्टरांचा हा आग्रह विज्ञानाच्या विरोधातला नाही. तीच विज्ञानाची शिस्त आहे. सरांचा मूलभूत प्रश्नाचा आग्रहही पेशंटच्या विरोधात जात नाही. धाराशिवची तपासणी अशाच प्रश्नांमुळे शक्य झाली.

प्रयोगशाळेतल्या उत्तराची वाट बघत बसण्याचे मात्र कारण नाही. ९ ते १४ वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२च्या डिसेंबरमध्ये एका मात्रेचा पर्यायही मान्य केला आणि त्यामागच्या पुराव्यात पुणे आणि बार्शी येथील मुलींचा सहभाग असलेला भारतीय अभ्यास आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी; लक्षणांची वाट बघू नये. आणि ज्या घरात मुलगी जीवशास्त्र शिकते आहे, त्या घराने ‘याचा उपयोग काय’ असे तिला जरूर विचारावे, पण तिचे उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकूनही घ्यावे.